पाटीवरचा आकडा

चौऱ्याहत्तर...!

नोटबुर्गाने तबकडीवर वाकून पुन्हा पाहिलं, एप्रनच्या टोकाने काच पुसून तिसऱ्यांदा पाहिलं, पण गवताच्या पोटात पुरुषभर खोल खुपसलेल्या, उष्णता मोजणाऱ्या त्या लोखंडी सळईला तिची दया कशी येणार! काटा जागचा हलला नाही. माळ्यावर दुसऱ्या कापणीचं गवत छपराला टेकलं होतं आणि त्याला जळत्या साखरेसारखा गोडसर वास येत होता. हा वास तिने आयुष्यात एकदाच घेतला होता, आणि त्या दिवशी तिचे वडील गेले होते.

पंचेचाळीस अंशांपर्यंत गवत आपलं, साठाला झोप उडावी आणि सत्तर झालं की बंब बोलवावा, हे टायरोलच्या त्या डोंगरातलं पोर पाढ्यांच्या आधी शिकतं. ओलसर गवत घाईघाईने माळ्यावर चढवलं की ते आतल्या आत कुजतं, तापतं, आणि एके दिवशी बाहेर काहीएक न दाखवता पोटातून जळू लागतं. वरून सगळं जागच्या जागी, आत मात्र पोकळी... त्यावर पाय ठेवणारा थेट निखाऱ्यात जातो. यंदा पाऊस आठवडाभर हटला नव्हता, आणि पंचेचाळीस वर्षांची एकटी बाई किती दिवस गवत उलटंपालटं करणार? तिने चढवलं, आणि ते तापलं.

ती शिडी उतरून खाली आली, गोठ्याच्या दाराशी टांगलेल्या पाटीवर खडूने आकडा लिहिला. अठ्ठावन्न, त्रेसष्ट, एकाहत्तर, आणि आता चौऱ्याहत्तर. एकाहत्तर काल संध्याकाळचे होते. हो, कालच फोन करायला हवा होता! रात्रभर ती अंथरुणात उताणी पडून छपराचा कानोसा घेत राहिली, चारदा उठून फोनपाशी गेली आणि चारदा परत आली. कारण गावच्या स्वयंसेवी अग्निशमन दलाचा फोन उचलणार तो दलप्रमुख, आणि दलप्रमुख म्हणजे कोर्बिनियान... तिच्या पाठचा सख्खा भाऊ. गेल्या चौदा वर्षांत तो तिच्याशी एक शब्द बोलला नव्हता.

बाराला दोन-तीन मिनिटं कमी असताना तिने शेवटी नंबर फिरवला. शनिवारी तो या वेळी दलाच्या शेडमध्ये पाइप धूत असतो, हे साऱ्या गावाला ठाऊक होतं.

"दल. बोला."

तोच आवाज... थोडा जड झालेला, पण ज्याला तिने बोट धरून चालवलं होतं त्याचाच.

"मी बुर्गी. कोर्बी, गवत तापलंय. चौऱ्याहत्तर."

"कधीपासून?"

"काल संध्याकाळी एकाहत्तर होतं."

"आणि फोन आज करतेस? बाबा गेले तरी शहाणी झाली नाहीसच तू." मग म्हणाला, "माळ्यावर पाय ठेवू नकोस. निघालो मी."

फोन ठेवल्यावरही ती तशीच उभी राहिली. बाबा गेले तरी शहाणी झाली नाहीस! अरे, कुणी कुणाला म्हणावं हे...?

चौदा वर्षांपूर्वीही असंच गवत होतं. त्या आठवड्यात मोजायची पाळी कोर्बीची होती. बावीस वर्षांचा, दलात भरती होऊन दोनच वर्षं झालेला, आणि त्या शुक्रवारी गावात दलाचीच जत्रा, बँड, नाच. पोराने जाता जाता पाटीवर 'बेचाळीस' खरडलं आणि धूम ठोकली. सळई त्या दिवशी स्वयंपाकघरातल्या खिळ्यावरून हललीच नव्हती. बुर्गीच्या डोळ्यांसमोर लटकत होती, पण हे तिच्या ध्यानात आलं ते दुसऱ्या दिवशी, बाबा पाटीवरच्या आकड्यावर भरवसा ठेवून दाताळं घेऊन वर चढले आणि गवताने त्यांना गिळलं तेव्हा. चौकशीचा साहेब यायच्या आधी तिने ओल्या फडक्याने पाटी पुसली. त्याने विचारलं तेव्हा मान खाली घालून म्हणाली, "मोजायचं काम माझं होतं. मी विसरले."

दुसरं काय करणार होती ती? आईचं कुंकू... छे, कुंकू कुठलं त्या मुलखात, पण आईचा जन्माचा जोडीदार तर आदल्या दिवशी गेला होता. त्याची चिता... नाही, त्याची कबर अजून खणायची असताना "तुझ्या लेकानेच त्याला मारलं" हे तिला कुठल्या तोंडाने सांगायचं! बुर्गीला वाटलं होतं, कोर्बी समजेल, एखाद्या संध्याकाळी येऊन नुसता हात हातात घेईल, आणि तेवढ्यावर ती जन्म काढील. पण माणसाचं मन मोठं विचित्र. कोर्बीने कोरी पाटी पाहिली आणि त्याला वाटलं, आपला आकडा कुणी वाचलाच नाही. दोन दिवसांनी त्याला वाटलं, पाळी खरंच ताईचीच असेल. आणि दफनाच्या दिवशी सगळ्यांदेखत सगळ्यांत मोठ्याने तोच म्हणाला, "हिच्यामुळे गेले बाबा." आई त्याचा हात धरून खाली गावात, चर्चशेजारच्या घरात राहायला गेली. सुताराचा लुईस, ज्याच्याशी बुर्गीचं ठरलं होतं, तो यायचा बंद झाला. रविवारी प्रार्थनेला ती ज्या बाकावर बसे त्या बाकावरून आई उठून जाई. चौदा वर्षं...!

खालून भोंगा ऐकू आला आणि ती भानावर आली. दर शनिवारी ठीक बाराला तो तपासणीसाठी एकदा वाजतो. आग असेल तर तीनदा. ती दारात उभी राहून कान देऊन मोजत होती. एक... आता दुसरा... ती थांबली. आता दुसरा यायला हवा. दरीत नुसतं ऊन पसरलं होतं आणि कुठेतरी कोंबडी कोकलत होती. दुसरा आलाच नाही.

वळणावरून बंब वर आला तेव्हा त्यात दोनच डोकी होती. स्टिअरिंगवर कोर्बी, आणि शेजारी म्हातारा हियास, जो गेली चाळीस वर्षं पंप चालवत होता आणि बायकोपेक्षा त्या पंपाशीच जास्त बोलत होता.

"बाकीचे?" तिने विचारलं.

"येतायत मागून." कोर्बी तिच्याकडे न बघता पाइप उतरवू लागला.

"भोंगा एकदाच वाजला, कोर्बी."

"मी स्वतः बटण दाबलंय. वाजल्यावरच गाडी काढली."

हियासने टोपी मागे सारली आणि खिशातलं घड्याळ काढून बघितलं. "केव्हा दाबलंस?"

"बारा वाजत..." कोर्बीचा हात थांबला.

"झालं तर. तो तू नाही वाजवलास, घड्याळाने वाजवला. त्या पेटीला एका वेळी एकाचंच ऐकता येतं. तू इंजिनाच्या घरघरीत मोजलंच नाहीस, आणि गाव सूप भुरकत बसलंय, म्हणतंय शनिवारची तपासणी झाली, वाढ गं सुपातला आणखी एक गोळा."

बंबावरचा वायरलेस त्या वळणापलीकडे मुका होतो, हे नव्याने सांगायला नको होतं. "खानावळीत फोन कर," कोर्बी म्हणाला. चौदा वर्षांत त्याने समोरासमोर आपणहून म्हटलेलं ते पहिलं वाक्य, आणि तेही हुकमाचं. बुर्गी धावत आत गेली. खानावळवालीने फोन उचलला. मागे ताटांचा आणि हसण्याचा गलका.

"वरच्या घरची बुर्गी बोलतेय. गवत पेटायला आलंय, दलातल्या माणसांना वर पाठवा, भोंगा खरा होता..."

"भोंगा शनिवारचा होता गं बाई. कोर्बिनियान आहे ना तिथे?"

"आहे, पण दोघंच..."

"मग काय हवं-नको ते तो सांगेल. तू मध्ये नको पडू. मागच्या खेपेला पडलीस ते पुरे झालं गावाला." आणि फोन ठेवला.

बुर्गीने रिसीव्हर हातात धरला होता. जो कलंक तिने आपण होऊन कपाळी लावून घेतला, तो आज असा उलटेल हे तिच्या स्वप्नातही आलं नव्हतं! तिच्या शब्दाला गावात काडीची किंमत उरली नव्हती. ती बाहेर आली आणि नुसती मान हलवली. "मी बोलतो," म्हणून कोर्बी फोनकडे वळला, तेवढ्यात हियास हलकेच म्हणाला, "ते बघा."

छपराच्या आढ्यापाशी, दोन फळ्यांच्या फटीतून, निळसर धुराची एक बारीक रेघ निघाली होती.

आता वेळ नव्हता. त्या मुलखात घर आणि गवताचा माळा एकाच छपराखाली असतात; वरचं गेलं की खालचं काही राहत नाही. नेमक्या जागी पाणी आत सोडलं तर गवत आतल्या आत विझतं, नाहीतर वारा लागून एकदम भडकतं. कोर्बीने कमरेला दोर बांधला.

"दोरावर दोन माणसं नसतील तर गवतावर पाय ठेवायचा नाही," हियास म्हणाला. "दर शुक्रवारी आमच्या कानीकपाळी कोण ओरडतं? तूच ना?"

"तू पंप सोडू शकत नाहीस."

"म्हणूनच म्हणतो, थांब. जळू दे घर. विमा आहे, लाकूड आहे, परत बांधू."

"हे घर माझ्यादेखत नाही जळणार."

"मी धरते दोर," बुर्गी म्हणाली.

त्याने तिच्याकडे पाहिलं. चौदा वर्षांनी पहिल्यांदा सरळ डोळ्यांत पाहिलं, आणि झटकन नजर काढून घेतली. गोठ्याच्या दारातून आत जाताना तो पाटीपाशी थबकला. अठ्ठावन्न, त्रेसष्ट, एकाहत्तर, चौऱ्याहत्तर... खडूचे ते चार आकडे तो एखादं पत्र वाचावं तसा वाचत राहिला.

"रोज मोजत होतीस?"

"सकाळ-संध्याकाळ. वाढलं की लिहायचं."

त्याने तोंडाला ओलं फडकं बांधलं आणि पाइप खांद्यावर घेऊन शिडी चढला. बुर्गी मागोमाग माळ्याच्या कडेला लाकडी सज्ज्यावर गेली. तिने दोराचे दोन वेढे जाड खांबाला घातले आणि टोक दोन्ही हातांत घट्ट धरलं. एक हिसका म्हणजे ठीक, दोन म्हणजे सैल सोड, तीन म्हणजे ओढ. हे त्याने शिकवायची गरज नव्हती, लहानपणी तोच तिच्यापुढे अंगणात दल-दल खेळायचा.

गवतावर त्याने आडवी शिडी टाकली आणि तिच्यावरून गुडघ्यांवर सरकत निघाला. बुर्गी हात-हात दोर सोडत गेली. एक हात... दोन हात... देवा, पाऊल जपून टाकू दे त्याला! घे, वाटलं तर हे घर घे, मला घे, पण आईला पुन्हा त्या अंगणात उभी करू नकोस. सळई खुपसल्याचा आवाज आला. "इथे नव्वद आहे!" तो ओरडला. एक हिसका. ठीक. तो आणखी पुढे सरकला, आणि शिडीचं पुढचं टोक काही आवाज न करता खाली गेलं.

दोर तिच्या तळहातांतून सळसळत धावला, कातडी घेऊन गेला, आणि खांबाच्या वेढ्यांशी गच्चकन थांबला. ती खांबावर आदळली. समोर गवतात एक काळं भोक पडलं होतं, त्यातून पिवळट धूर उसळत होता, आणि त्या धुरात कोर्बीचं डोकं आणि दोन हात तेवढे दिसत होते.

"हियास! पाणी! वर या, तो पडला...!"

पंप चालू ठेवून म्हातारा दुसरा पाइप ओढत शिडीच्या अर्ध्यावर आला आणि जमेल तितकं पाणी त्या भोकावर मारू लागला. वाफेचा लोट उठला. कोर्बी कमरेपासून खाली कुठेतरी लोंबकळत होता. त्याच्या पायांखाली धग होती, आणि पाणी थांबलं असतं तर ज्वाळा झाली असती. बुर्गीने दोर कमरेभोवती गुंडाळला, पाय खांबाला रोवले आणि सगळं अंग मागे टाकलं. तिच्याच्याने तो वर येईना. पण खालीही जाऊ दिला नाही तिने.

"सोड, बुर्गी," धुरातून आवाज आला, खोकत, घुसमटत. "सज्जा मोडेल, तूही येशील. मला माझं मिळालं..."

"बोलू नकोस. श्वास धर."

"बोलू दे. तो आकडा... बेचाळीस... मी मोजलाच नव्हता. माझी पाळी होती. नाचायला जायचं होतं म्हणून नुसता लिहिला. ऐकतेस ना? बाबांना मी मारलं, आणि नाव तुझं घेतलं..."

"मला ठाऊक आहे."

"काय?"

"पाटी मीच पुसली, वेड्या. चौकशीवाला यायच्या आधी. आता दोन्ही हातांनी शिडी धर, आणि तोंड मिट."

तो रडू लागला. छत्तीस वर्षांचा बाप्या, गावचा दलप्रमुख, त्या भोकात लटकून लहान पोरासारखा हुंदके देऊन रडू लागला, आणि त्याच्या प्रत्येक हुंदक्यागणिक दोर तिच्या जखमी हातांत थरथरत होता. तिचेही डोळे वाहत होते, पण हात मोकळा कुठे होता पुसायला! किती वेळ गेला तिला कळलं नाही. बोटं बधिर झाली. दोर कमरेत रुतला. हियास खालून काहीतरी ओरडत होता आणि तिला एकच भीती खात होती, की आपलं मन धरेल पण हात सुटतील.

आणि तेव्हा खालच्या दरीतून चर्चची घंटा ऐकू आली.

वेळ सांगणारी नव्हे. घाईने, वेडीवाकडी, न थांबता बडवलेली. भोंगा येण्याआधी त्या गावात आगीला अशीच घंटा वाजवत. तीस वर्षांत ती कुणी ऐकली नव्हती, पण म्हाताऱ्यांनी बरोबर ओळखली. खानावळीतली बाकं एकदम मागे सरली. पाव तासाच्या आत वळणावरून ट्रॅक्टर, गाड्या, पाण्याची टाकी, तोंडात घास असलेली माणसं... बुर्गीच्या हातावर आणखी चार हात पडले, मग आठ, आणि कुणीतरी तिच्या कानाशी म्हणालं, "आता सोड बुर्गी, आम्ही आहोत." तिला बोटं उघडता येईनात. ती एकेक करून दुसऱ्यांनी उघडली.

कोर्बीला काढलं तेव्हा गुडघ्यांपर्यंत दोन्ही पाय भाजले होते, पण तो जिवंत होता. त्याला अंगणात स्ट्रेचरवर ठेवलं. माळा वाचला, घर वाचलं. वाफाळतं काळं गवत माणसं दाताळ्यांनी खाली फेकत होती, तेव्हा एका ट्रॅक्टरच्या मागच्या फळीवरून एक एकाहत्तर वर्षांची बाई उतरली. क्रेसेन्झ... त्यांची आई. जिने चौदा वर्षांत या अंगणात पाऊल ठेवलं नव्हतं.

"घंटा हिनेच बडवली," ट्रॅक्टरवाला सांगत होता. "खिडकीतून बंब जाताना बघितला म्हणे, आत दोनच माणसं, मागून बराच वेळ कुणी नाही, आणि हा रस्ता तर फक्त इथेच येतो. पाद्र्याला ढकलून दोरीला लोंबकळली म्हातारी."

ती आधी मुलाकडे गेली. साहजिकच होतं, आणि बुर्गी नेहमीसारखी मागे, भिंतीशी सरकली. कुणीतरी तिच्या हातांना ओली फडकी गुंडाळली होती. कोर्बीने आईचा हात धरला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "आई, त्या आठवड्यात मोजायची पाळी माझी होती. मी खोटा आकडा लिहिला. बुर्गीने तो पुसला आणि दोष स्वतःवर घेतला. मी गप्प बसलो. गप्प नाही, मीच तिच्या नावाने ओरडलो."

"कोर्बी, पुरे," बुर्गी म्हणाली. "त्याला ग्लानी आलीय. काहीही बोलतोय तो..."

"ग्लानीबिनी काही नाही," हियास म्हणाला. "मी शिडीवर होतो. सगळं ऐकलंय मी." आणि म्हातारा तोंड फिरवून पंपाकडे निघून गेला. अंगणातली दाताळी थांबली होती. खानावळवालीच्या नवऱ्याने टोपी काढली.

कोर्बीने गळ्यातली दलप्रमुखाची शिट्टी काढून शेजारच्या माणसाच्या हातात दिली. ती नको म्हणायला कुणी पुढे आलं नाही. स्ट्रेचर उचललं गेलं, आणि रुग्णवाहिकेत चढवेपर्यंत तो मान वळवून बहिणीकडेच बघत होता. तिने फडकी गुंडाळलेला हात थोडा वर केला. तेवढंच जमलं तिला.

रुग्णवाहिका वळणाआड गेली. आई त्याच्याबरोबर गेली नव्हती. ती अंगण ओलांडून आली, संथ, एक एक पाऊल टाकत, आणि लेकीपुढे उभी राहिली. तिच्या तळव्यांवरही घंटेच्या दोरीचे लाल वळ उठले होते.

"मला का नाही सांगितलंस?"

बुर्गीने खाली पाहिलं. "तुझा नवरा गेला होता, आई. वर मुलगाही गेला असता. मला वाटलं, मुलीवाचून तुला चालेल."

म्हातारीने दोन्ही हातांनी लेकीचं काजळलेलं तोंड धरलं, लहानपणी ताप बघायला धरायची तसं, आणि फुटलेल्या आवाजात म्हणाली,

"असं कुणी सांगितलं तुला? चौदा वर्षं मी त्या बाकावरून उठून जायचे ना, ते तुझ्या शेजारी बसले तर तुला जवळ घेईन या भीतीने."